पकडीच्या पोरांना चढाई शिकवू नये म्हणे

हरलेल्या संघाचं सांत्वन करायला उठलेला माणूस किती नुकसान करू शकतो, हे पाहायचं असेल तर कृष्णाकाठच्या कबड्डी स्पर्धांचे बक्षीस समारंभ चुकवू नयेत. वाळवा तालुक्यातल्या अशाच एका समारंभात, कुमार गटाच्या उपांत्य फेरीत हरलेल्या एका गावच्या संघाला एका जाणकारांनी व्यासपीठावरून असा काही धीर दिला की त्या पोरांनी घरी जाऊन बूट विकले नाहीत, हेच नशीब. जाणकारांचं म्हणणं थोडक्यात असं : पोरांनो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पकडीचे गडी. आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीत कुस्ती आहे, म्हणून पकड तुमच्या रक्तातच. चढाई ही वेगळी चीज. ती अंगात असावी लागते, शिकवून येत नाही. शिकवायला गेलं तर आहे ती पकडही बिघडते. तेव्हा तुम्ही पकड घोटा, आणि चढाईला एखादा तयार गडी बाहेरून आणू. तसंही स्पर्धा जिंकून देते ती पकडच, चढाईला फक्त टाळ्या मिळतात.

टाळ्या या भाषणालाही पडल्या. निम्मा मंडप माना डोलवत होता आणि उरलेला निम्मा पंगतीकडे सरकला होता, म्हणून वाचला.

एखाद्या वक्त्याचं बोलणं ऐकून सोडून द्यावं, हे मलाही कळतं. पण हाच सिद्धान्त पलूसला ऐकला, कराडला ऐकला, आणि आता तो मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मार्गदर्शकांच्या तोंडीही बसला आहे. ज्याला तो पटला, तो दुसऱ्या दिवशी सरावात काय करतो? सोळा-सतरा वर्षांच्या पोराला म्हणतो, ‘तू कोपरा धर, चढाईच्या भानगडीत पडू नकोस.’ झालं. त्या पोराचा निम्मा खेळ तिथंच संपला.

आधी तो सामना. त्या संघाची पकड खरोखर देखणी होती, याबद्दल जाणकारांशी माझा वाद नाही. उजव्या कोपऱ्याला खेळणारा पोरगा तर बघत राहावा असा. समोरचा चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतोय म्हटल्यावर हा जागचा हलत नव्हता. गुडघ्यात वाकलेला, हात लोंबते, नजर त्याच्या घोट्यावर. तो पाय रेषेपलीकडे पडायचा, चवड्यावर भार यायचा, आणि नेमक्या त्या क्षणी हा खाली जायचा. दोन्ही हात घोट्याला, खांदा नडगीवर. शेजारचा मध्यरक्षक येऊन कंबर धरेपर्यंत काम झालेलं असायचं. अशा पकडींच्या जोरावर संघ मध्यंतरापर्यंत पुढे होता. मग उत्तरार्धात त्यांच्या चढाया सुरू झाल्या, किंवा खरं तर सुरू झाल्याच नाहीत. पोरगा आत जायचा, निदान रेषा ओलांडायचा, पंचांकडे आणि घड्याळाकडे बघायचा आणि परत यायचा. दुसराही तसाच. तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे असा नियम, त्यामुळे तिसरा जीव खाऊन आत घुसायचा आणि साखळीत सापडायचा. हे चक्र सामना संपेपर्यंत चाललं. यावरून जाणकारांनी निष्कर्ष काढला की या पोरांच्या अंगात चढाई नाही. सरावात त्यांना चढाई करायला कधी दिली जाते का, हा प्रश्न त्यांना सुचला नाही. भाषणाच्या तयारीत असा वेळ कुठला मिळणार!

आता त्यांचे मुद्दे एकेक करून घेऊ. सोपे आधी.

म्हणे ही माती पकडीची. मग कासेगावचा काशिलिंग आडके कुठल्या मातीतला? प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात, २०१५ मध्ये, सगळ्या लीगमध्ये चढाईचे सर्वाधिक गुण घेणारा गडी हा याच वाळवा तालुक्यातला. सांगलीचाच नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, तोही चढाईपटू म्हणून. ज्या तालुक्यात उभं राहून जाणकार हे बोलले, तिथल्याच गड्याने त्यांना खोटं पाडून दहा वर्षं उलटली. मातीने आपलं काम केलेलं आहे. व्यासपीठापर्यंत बातमी पोचायची राहिली, एवढंच.

बाहेरून गडी आणण्याबद्दल एकच वाक्य पुरे : तो गडी मानधन घेऊन स्पर्धा संपताच निघून जातो, आणि आपला पोरगा पुढच्या वर्षीही कोपऱ्यातच वाकलेला असतो.

कुस्तीचा दाखला मात्र असा सोडता येणार नाही, कारण तो उलटा आहे. कुस्तीचं नाव घेऊन नुसत्या बचावाची तरफदारी करणाऱ्या माणसाने कुंडलच्या मैदानात एकदा शेवटपर्यंत बसावं. समोरच्याचा पट अडवत, कडेकडेने फिरत वेळ काढणाऱ्या पैलवानाला तिथे कोण पैलवान म्हणतं? कुस्ती बरोबरीत सोडवली की लोक शिट्ट्या मारतात, आणि त्या कौतुकाच्या नसतात. निकाली कुस्ती करणारा तो मल्ल. ऑलिम्पिकच्या कुस्तीतही निष्क्रिय राहणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि त्याची किंमत गुणांत मोजावी लागते. आपल्या तालमीत तर डाव आणि त्याची तोड एकाच दमात शिकवतात. पट काढायला आलेल्याची मान दाबून तिथूनच उलटा डाव करायचा, असं वस्ताद सांगतो. इथे बचाव कुठे संपला आणि हल्ला कुठे सुरू झाला, दाखवा बरं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आले, ते काय समोरचा कधी थकतोय याची वाट बघत? कुस्ती रक्तात आहे असं म्हणायचं आणि तिच्यातला निम्मा भागच वाटणीला घ्यायचा, हा हिशेब मला कळत नाही.

आणि आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो : चढाई उपजत असते, आणि ती शिकवली की पकड बिघडते.

‘उपजत’ हे आपल्याकडचं फार सोयीचं औषध आहे. जे आपल्याला शिकवता येत नाही ते उपजत. मॅट आली तेव्हा हेच. ज्या मंडळींना मॅटवरचा खेळ शिकवता येईना, त्यांनी जाहीर केलं की मॅटवर पाय धरत नाही, आपल्या पोरांना माती उपजत, मॅटने आपली पकड संपणार. पुढे पोरं बूट घालून मॅटवर बिनदिक्कत घोटे धरू लागली, तेव्हा तीच मंडळी सांगू लागली की मॅटने पकडीला धार आली. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली तेव्हाही असाच शोक झाला. म्हणे आमच्या वेळी दम टिकेपर्यंत गडी आत राहायचा, आता घड्याळाने खेळ मारला. घड्याळाने खेळ मारला नाही, वाढवला. पण त्या वादात आता शिरत नाही. एकेकाळी मी त्यावर संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या आहेत आणि समोरच्यांपैकी एकानेही मत बदललेलं नाही.

तर चढाई. चढाईपटूला काय यावं लागतं? पाय हलके हवेत, हात लांब जायला हवा, दम हवा, मान्य. याखेरीज एक गोष्ट लागते आणि तीच सगळ्यांत महाग : समोरचे सात जण पुढच्या क्षणाला काय करणार, हे आधी कळणं. कोपरा कधी पुढे सरकतो, मध्यरक्षक कधी उतावळा होतो, साखळीतला हात कधी सुटतो, कोण नुसता दम दाखवतोय आणि कोण खरंच झेप घेणार आहे. आता सांगा, हे कुणाला जास्त ठाऊक असेल? जो रोज त्या साखळीत उभा राहतो त्याला, की प्रेक्षकातून बघणाऱ्याला? उजवा कोपरा सरावात रोज दोन हातांवरून कितीतरी चढाया बघतो. कुठलं पाऊल जड पडलं की घोटा सापडतो हे त्याला माहीत असतं. म्हणजे कुठलं पाऊल जड टाकू नये, हेही माहीत असतं. हे ज्ञान त्याच्या हातात आहे, फक्त पायांत उतरलेलं नाही, कारण पायांना कुणी संधीच दिलेली नाही.

कराडजवळच्या एका शाळेच्या मैदानावर मी हे घडताना पाहिलं आहे. संध्याकाळचा सराव चालू होता. तिथल्या शिक्षकांनी डाव्या कोपऱ्याच्या पोराला अचानक चढाईला पाठवलं. तो गांगरला. पहिल्या दोन चढायांत मध्यरेषेजवळच घुटमळून आला आणि बाकीचे हसले. तिसऱ्यांदा आत गेला तो सरळ आपल्या जागेवर, म्हणजे समोरच्या डाव्या कोपऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. ती जागा त्याच्या ओळखीची. त्याने उजवा पाय बोनस रेषेकडे नुसता सोडला, भार मागच्याच पायावर ठेवला. कोपरा घोट्यासाठी खाली गेला, हाताला हवा लागली. खाली गेलेला कोपरा पुढची दोन पावलं उठू शकत नाही, हे या पोराला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज तोच तर खाली जात होता! वाकून पाठीवर हात ठेवला आणि परत आला. शिक्षक काही बोलले नाहीत. नुसतं बोटाने पुन्हा आत दाखवलं.

आणि गंमत पुढेच आहे. सराव संपताना तो पोरगा पुन्हा कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा पाय टाकणाऱ्या गड्याच्या फसव्या पावलाला तो भुलला नाही. भार कुठल्या पायावर आहे हे आता तो बघत होता, कारण तीच फसवणूक थोड्या वेळापूर्वी त्याने स्वतः केली होती. चढाई शिकवली की पकड बिघडते म्हणे! बिघडली ती अशी.

मनजीत छिल्लरचं उदाहरण जाणकारांच्या कानावर नसेल असं नाही. हा मूळचा पैलवान. कबड्डीत आला, पकडीत नाव काढलं आणि चढाईही करत राहिला. काशिलिंगने चढाईचा मान मिळवला त्याच २०१५ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला तो मनजीत. चढाईने त्याची पकड बिघडली असेल तर अशी बिघडलेली पकड आपल्या पोरांना मिळो.

पण माझी खरी तक्रार अजून पुढे आहे. चढाई न शिकवल्याने चढाईचंच नुकसान होतं असं नाही, पकडही वाया जाते. हे हिशेबाने दाखवता येतं.

आजची कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर चालते. समोरचा एक गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी उठतो. जुन्या हुतूतूत असाही एक प्रकार होता की बाद झालेला गडी अख्खा डाव संपेपर्यंत बाहेरच. तिथे नुसत्या पकडीवर डाव खाता आला असता, कारण एकदा बाहेर काढलेला माणूस परत येण्याची भीती नव्हती. हा खेळ नियमांत बांधण्याची खटपट १९२१ च्या सुमारास साताऱ्यातच झाली. तिथल्या शौकिनांनी चौकट आखली आणि तिच्यात संजीवनीचा धागा घेतला. म्हणजे आमच्याच भागातल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी जे ओळखलं, ते आज आमच्याच भागातल्या व्यासपीठावरून विसरलं जातंय.

आता त्या सामन्यात काय झालं ते पुन्हा बघा. उजव्या कोपऱ्याने समोरच्यांचा मुख्य चढाईपटू घोट्यात धरून बाहेर बसवला. एक गुण मिळाला, आणि आपला एक गडी आत आला. पकड एवढं सगळं करते. यानंतर समोर सहा जण उरले. आता आपण चढाईत एक टिपला की पाच, आणखी एक टिपला की चार. मैदान तर तेवढंच, पुरुषांचं दहा मीटर रुंद. सात जण असतात तेव्हा एकेकाच्या वाट्याला दीड मीटरही येत नाही, चार उरले की अडीच मीटर येतात. साखळीला हात पुरत नाहीत. तिघे किंवा त्याहून कमी उरले की अव्वल पकडीचा जादा गुण त्यांना मिळू शकतो, तेव्हा जपून. पण तिथून सगळे बाद करून लोण दिला की वरचे दोन गुण आपले. हा सगळा रस्ता पकडीने मोकळा करून दिलेला असतो. आणि आमची पोरं काय करतात? पहिली चढाई कोरी. दुसरी कोरी. तिसरीत गुण आणायची सक्ती, म्हणून घाईने आत घुसून पकडले जातात. त्या पकडीचा गुण समोरच्यांना मिळतो आणि संजीवनीने उठून आत कोण येतो? तोच मुख्य चढाईपटू, ज्याला आपल्या कोपऱ्याने जिवाचा आटापिटा करून बाहेर काढला होता. तो आल्या आल्या चढाईला निघतो, आणि कोपऱ्याने पुन्हा तोच घोटा धरायचा. अख्ख्या उत्तरार्धात त्या पोराने एकाच माणसाला बाहेर बसवलं आणि आपल्याच चढायांनी त्याला परत आत आणलं.

दमलेला कोपरा शेवटच्या पाच मिनिटांत चुकला, तेव्हा जाणकार शेजारच्याला म्हणाले, ‘पकड ढिली पडली.’ ती का ढिली पडली, हे विचारलं असतं तर पुढचं सगळं भाषणच बारगळलं असतं.

राहिला शेवटचा दावा : स्पर्धा जिंकून देते ती पकडच. इथे जाणकारांच्या बाजूने बोलायचं तर त्यांना हाताशी चांगला दाखला आहे. प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम हरयाणा स्टीलर्सने जिंकला. तरुण गड्यांचा संघ, खेळाचा सगळा डोलारा पकडीवर उभा. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात अंतिम सामना झाला. समोर पाटणा पायरेट्स, त्यांच्याकडे हंगामातला सर्वाधिक चढाई-गुण घेणारा देवांक. त्याला हरयाणाने जखडून ठेवलं आणि सामना ३२-२३ असा घेतला. बघा, म्हणतील, पकड!

बघितलं. आता त्या ३२ गुणांत सर्वाधिक वाटा कुणाचा होता तेही बघा. शिवम पटारे, नऊ गुण. चढाईपटू. आणि हा कुठला? हरयाणाचा नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातला. चढाईला हरयाणाकडून माणूस आणा म्हणणाऱ्यांनी हे कपाटात लावून ठेवावं. त्याच्या आदल्याच हंगामात, १ मार्च २०२४ ला, हाच हरयाणाचा पकडबहाद्दर संघ पुणेरी पलटणकडून अंतिम सामन्यात २८-२५ असा हरला होता. पुण्याकडेही पकड होतीच, शादलूसारखा कोपरा होता. पण त्या दिवशी निर्णायक ठरला तो पंकज मोहिते, पुन्हा नऊ गुण, पुन्हा चढाई. पकडीने दोन्ही संघांना अंतिम सामन्यापर्यंत आणलं. तिथे पोचल्यावर कुणीतरी आत जाऊन गुण आणावे लागले.

हरयाणाने पुढच्या वर्षासाठी तोच शादलू २ कोटी ७ लाखांना घेतला, म्हणजे पैसा पकडीवरच लावला, असं कुणी म्हणेल. लावला. मात्र शादलू अष्टपैलू गड्यांच्या यादीतून विकला गेला, आणि गरज पडली की तो चढाईलाही जातो. इराणी आहे तो. कुस्तीचं वेड असलेल्या देशातला.

इराण हाच या वादातला खरा साक्षीदार. तिथे घरोघरी कुस्ती, कबड्डीत आले ते पकडीच्या जोरावर, आमच्या वाळवा-कराडसारखेच. २०१० च्या आशियाई अंतिम सामन्यात भारताने त्यांना ३७-२० असं हरवलं. २०१४ ला २७-२५. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला मध्यंतराला इराण १८-१३ असा पुढे होता. अजय ठाकूरच्या चढायांनी भारताने सामना ३८-२९ असा ओढून आणला. म्हणजे तिथेही पकडीचा संघ पुढे गेला आणि चढाईने हरला. आणि २०१८ ला जकार्तामध्ये उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदकं घेणारा भारतीय पुरुष संघ त्या वर्षी अंतिम फेरीतही नव्हता. आता जाणकार आकडे चाळून म्हणतील की इराणचे गुण २५ चे २७ झाले, एवढंच, भारताचे मात्र २७ वरून १८ वर आले, म्हणजे सुधारली ती पकडच. म्हणोत. पकड सुधारलीच. पण त्याच काळात इराणने मेराज शेखसारखा चढाईपटू घडवला, जो प्रो कबड्डीत दिल्लीच्या संघाचा कर्णधार झाला. त्याला कुणी तेहरानमध्ये सांगितलं नसावं की बाबा, तू पैलवानांच्या देशातला, कोपरा धर.

मग करायचं काय, असं कुणी विचारेल. फार काही नाही. पकड तशीच राहू द्या, किंबहुना पकड आहे म्हणूनच चढाई शिकायला उसंत आहे. ज्या संघाची पकड कच्ची, त्याच्या चढाईपटूला दर वेळी गुण आणावाच लागतो. चुका करायला त्याला सवड नाही. या पोरांना ती सवड आहे. पूर्वार्धात पुढे असताना दोन नवे गडी चढाईला पाठवले आणि ते बाद झाले तर आभाळ कोसळणार नाही.

सरावात प्रत्येक गड्याने, कोपऱ्यानेसुद्धा, रोज चढाया कराव्यात, आणि समोर पूर्ण सात जण उभे असावेत. नवख्याला आधी बोनस शिकवावा, कारण समोर सहा-सात गडी असताना कुणालाही न शिवता मिळणारा गुण तो एकच. तो घेताना भार मागे ठेवायची सवय आपोआप लागते. मग हाताने टिपणं. लाथा, उड्या नंतर. दोन पोरांना कोऱ्या चढाया वहीत उतरवायला बसवावं. कुणाची चढाई किती सेकंदांनी परत आली, कुठल्या बाजूने, निदान रेषेपर्यंत की बोनसपर्यंत. तिसरी चढाई कायम एकाच पोराच्या गळ्यात मारू नये. आमच्या गावांत सगळी गडबड इथेच होते. एक हुकमी चढाईपटू असतो, सगळ्या चढाया त्याच्याच. बाकीचे सहा जण वर्षानुवर्षं नुसते वाकून उभे राहतात. मग त्या गड्याला खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागते, चांगलंच होतं, पण तो गेल्या दिवशी संघाला कळतं की आपल्याकडे चढाई नावाची गोष्टच उरलेली नाही. जाणकार त्याला माती म्हणतात.

एवढ्याने लगेच पुढच्या स्पर्धेत अजिंक्यपद येईल असा माझा दावा नाही. एका हंगामात कोऱ्या चढाया निम्म्यावर आल्या तरी पुष्कळ झालं. तेवढ्यानेसुद्धा तो उपांत्य सामना हातातून गेला नसता.

त्या गावात आता बाहेरचा चढाईपटू आणण्यासाठी वर्गणीची भाषा सुरू झाली आहे, असं ऐकतो. वर्गणी जरूर काढा. त्या पैशातून तालुक्याच्या गावातली मॅट महिनाभर भाड्याने घ्या, आणि उजव्या कोपऱ्याच्या त्या पोराला पहिल्याच संध्याकाळी मध्यरेषेवर उभा करून आत सोडा. कुमार गटातली त्याची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत.